माझी यादी कोण बदलतंय?

१० नोव्हेंबर, सोमवार

आता हे काय नवीन! म्हणे ब्राउझरला भोक पडलंय.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज आला. 'तुमच्या ब्राउझरमध्ये गंभीर त्रुटी! हॅकर तुमच्या मोबाईलचा ताबा घेऊ शकतो! ताबडतोब दुसरा ब्राउझर वापरा!' खाली अठरा जणांनी हात जोडलेले. त्यातल्या किती जणांनी वाचलंय देव जाणे. मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, तरी घाबरलो.

कारण माझं सगळं त्या ब्राउझरमध्येच आहे. बँक, शाळेची माहिती, पगाराची स्लिप — आणि मुख्य म्हणजे बदलीचं पोर्टल. 'पासवर्ड जतन करायचा का?' असं त्यानं विचारलं की मी हो म्हणतो. माणसानं लक्षात तरी किती ठेवायचं!

आणि पोर्टल परवा-तेरवा उघडणार. नऊ वर्षं झाली, मी साखरखेर्ड्याच्या शाळेत आणि बायको सुचिता मलकापूरकडच्या शाळेत. लेक छकुली तिच्याजवळ. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायची, सोमवारी उजाडायच्या आत परतीची. या वर्षी पती-पत्नी एकत्रीकरणात माझा नंबर लागतोय. एकदाचा कायमचा घरी जाईन. नेमकं ह्याच वेळेला भोक पडायचं होतं!

११ नोव्हेंबर, मंगळवार

अश्वजितला विचारलं. आमच्या शाळेतला हा सगळ्यात तरुण मास्तर. मोबाईल बिघडला की सगळे त्याच्याकडे जातात.

"सर, भोकं तं सगळ्याच ब्राउझरले राह्यतात," तो म्हणाला. "कंपनीले सापडलं का ते बुजवते. आपण अपडेट केलं का झालं. तुम्ही अपडेट कधी केलं होतं?"

मार्चमध्ये केलं असावं. कोणत्या सालच्या, ते त्याला सांगितलं नाही.

"मग ब्राउझर बदलायचा नाही?"

"बदलून काय होते? अर्ध्याच्या वर ब्राउझर आतून एकच हायेत. थैली वेगवेगळी, बियाणं एकच. एकाले भोक पडलं का बाकीच्याईलेही पडते."

हे ऐकून माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता — वाढला! बियाणं एकच, तर लोक वेगवेगळ्या थैल्या घेतात कशाला? आणि ग्रुपवर लिहिणारे सगळे मूर्ख आहेत का? (काही आहेत.)

खोलीवर येऊन अपडेट केलं. पण भोक बुजलं हे कळणार कसं? मुलांच्या वहीत चूक दिसली की लाल शाईनं गोल करता येतो, दुरुस्त झाली की बरोबरची खूण करता येते. मला ते फार आवडतं. इथे काही दिसतच नाही. काल होता तसाच आजही आहे. नुसता विश्वास ठेवायचा!

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा मेसेज. आता म्हणे सरकारी सूचनाच आहे, तीव्रता 'उच्च'. हे कालच्या अपडेटच्या आधीचं भोक की नंतरचं? ग्रुपवर विचारलं. एकानं 'सुप्रभात' पाठवलं — दुपारी चारला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पोर्टल उघडलं! भरलं!

तीस शाळा द्यायच्या असतात, पसंतीक्रमानं. माझी यादी दिवाळीपासूनच वहीत तयार होती. सगळ्या मलकापूर तालुक्यातल्या, सुचिताच्या शाळेपासून तीस किलोमीटरच्या आत. पहिली दाताळा, दुसरी नरवेल. तिसाव्या शाळेपर्यंत कुठलीही मिळाली तरी संध्याकाळी सहाला मी घरी चहा पीत असेन.

मसुदा जतन केला. ५ डिसेंबरपर्यंत त्यात कितीही वेळा बदल करता येतो. एकदा सबमिट केलं की मात्र संपलं. मी इतक्यात सबमिट करणार नाही. पेपर झटकन देऊन वर्गाबाहेर पळणारा पोरगा मला कधीच आवडला नाही. तीन आठवडे तपासत बसणार.

सुचिताला फोन केला. "भरली यादी!" म्हटलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तुम्ही शनिवारी आले का यावर जरा बोलू." यावर बोलायचं काय? भरलंय सगळं.

शकूरभाईंनाही सांगितलं. हे माझे घरमालक. खाली त्यांचं शिलाईचं दुकान, वर माझी खोली. मशीन थांबवून म्हणाले, "चाल्ले म्हना मास्तर! अच्छी बात है. नऊ सालात तुमच्या मिसेसले म्या एकदाच पाह्यलं." मग सुईत दोरा ओवता ओवता, "त्यायले आता आदत पडली असन तुमच्या बगैर राहाची. जरा सबर करजा तिकडं गेल्यावर."

काहीही! आदत पडली म्हणजे काय?

१६ नोव्हेंबर, रविवार, मलकापूर

काल दुपारी निघालो. चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट उतरून मलकापूर. साडेपाच वाजले. मी दारात पाऊल टाकलं आणि टीव्ही बंद झाला, छकुली पुस्तक घेऊन बसली. घराला वळण चांगलं आहे, हे मान्य करायला हवं.

आज सकाळी नऊला दोघींना मोबाईल घेऊन समोर बसवलं. अश्वजित काहीही म्हणो, मी ठरवून आलो होतो — जुना ब्राउझर काढायचा. चार दिवस वाचून निळा निवडला. त्याचं चिन्ह निळं आहे म्हणून मी त्याला निळाच म्हणतो. तो आल्या आल्या विचारतो: जुन्यातलं सगळं इकडे आणायचं का? आणा! पासवर्ड, खुणा (म्हणजे बुकमार्क), सगळं आणा. मग तिघांच्याही मोबाईलवर एकच खातं टाकलं — माझं. घरात तीन तऱ्हेची कुलपं कशाला? एकच असावं आणि ते माझ्या नजरेखाली असावं.

छकुलीच्या मोबाईलवर मात्र माझा क्रम चुकला. आधी जुना काढला आणि मग निळा टाकला. चित्रं काढायला शिकवणाऱ्या पानांच्या तिनं दोनेकशे खुणा करून ठेवल्या होत्या, त्या गेल्या. "पप्पा, विचारायचं तरी!" डोळ्यांत पाणी. नववीतल्या मुलीला चित्रांचं एवढं काय? पण वाईट वाटलं मला. तासभर शोधलं. सापडल्या नाहीत.

सुचिता मधेच म्हणाली, "बदलीचं बोलायचं होतं." मी म्हटलं थांब, अपडेट त्र्याहत्तर टक्क्यांवर आहे. मग जेवणं झाली. मग मी स्वयंपाकघरातले डबे लावून दिले — तूरडाळ आणि हरभराडाळ शेजारी शेजारी ठेवतात का कुणी? मग जरा आडवा झालो. उठलो तर ती मागच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेली. निळाच उघडला होता! बरं वाटलं. शिकते आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घात झाला.

शाळा सुटल्यावर सहज म्हणून यादी उघडली. दाताळा नाही! नरवेल नाही! मलकापूर तालुक्यातली एकही शाळा नाही! पहिल्या नंबरवर हिवरा आश्रम. दुसऱ्यावर जानेफळ. पुढे सगळ्या मेहकर आणि सिंदखेड राजाकडच्या, म्हणजे इथल्याच आसपासच्या. तीसच्या तीस भरलेल्या, एकही जागा रिकामी नाही.

वही काढून सगळ्या पुन्हा भरल्या. नेटवर्क जात-येत होतं, दीड तास लागला. भरता भरता मनात एकच — मी सबमिट करायला गेलो असतो आणि बघितलंच नसतं तर? आणखी किती वर्षं इथेच राहिलो असतो!

सुचिताला सांगितलं. "हॅकर घुसला!"

ती म्हणाली, "मंग? तुम्ही पुन्हा तशीच भरली?"

"मग काय! शब्दाला शब्द तशीच."

"बरं," म्हणाली. घाबरली असणार बिचारी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अश्वजित म्हणतो, "दाताळ्याच्या शाळेसाठी कोन हॅक करते सर? कोनाचा काय फायदा?"

मलाही तेच कळत नाही. आणि खरं लिहायचं तर — चोरानं लावलेली यादी वाईट नाही. काल रागात नीट पाहिली नव्हती, आज आठवून वहीत उतरवली. सगळ्या शाळा रस्त्यावरच्या, एसटी दारात थांबते अशा. पाच-सहा मी पाहिलेल्या आहेत, त्यांना वरचा मजलाच नाही. माझा उजवा गुडघा जिने चढताना दुखतो, हे हॅकरला कुणी सांगितलं? हॅकर परदेशात बसलेले असतात म्हणे! त्यांना जानेफळ माहीत?

डोकं चालेनासं झालंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाचत बसलो होतो. निळ्यालाही भोक आहे! गेल्याच महिन्यात सापडलं, बुजवलं, आणखी एक सापडलं. म्हणजे अश्वजितचं बियाणं खरं. मी पळून गेलो ते शेजारच्याच खोलीत.

आता केशरी. हा आतूनही वेगळा आहे, दुसऱ्याच लोकांनी बनवलेला. अश्वजितला सांगितलं, याचं बियाणंच वेगळं. तर म्हणतो, "वेगळ्या बियाण्यावर वेगळी अळी येते सर. तुम्ही अपडेट करत जा ना बस."

त्याचं सगळं 'बस'वर संपतं. माझी यादी गेली होती, त्याची नाही.

पण मग कोणता वापरावा माणसानं? एक म्हणतो हा घ्या, दुसरा म्हणतो तो घ्या, तिसरा म्हणतो काही घ्या पण अपडेट करा. अपडेट केलं तर म्हणे बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर लागू होत नाही. मी कधी बंदच केला नव्हता! सत्त्याण्णव पानं उघडी होती. त्यात एक २०२१ सालचं — शाळा कधी सुरू होणार त्याचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

यादी तपासली. जागेवर आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जागेवर आहे. दुपारी पुन्हा पाहिली — आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार, मलकापूर

केशरी तिन्ही मोबाईलवर टाकला. या वेळी क्रम चुकवला नाही. आधी आयात, मग निळा काढला. खातं पुन्हा माझंच.

छकुलीनं "घ्या" एवढंच म्हणून मोबाईल दिला आणि आतल्या खोलीत गेली. सुचिता देईचना!

"माझ्या मोबाईलले आज हात लावू नका. मले शाळेचं काम आहे."

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. अर्धा तास शांतपणे समजावलं — भोक म्हणजे काय, निळ्यात काय आणि केशरीत काय, घरात एकानं जरी ढिलाई केली तरी सगळं घर कसं उघडं पडतं. ती ऐकत होती. मग मोबाईल पुढे केला.

"तुम्ही आले का काही ना काही बदलूनच जाता," म्हणाली.

"सुरक्षेसाठीच ना!"

"हाव," म्हणाली.

डबे पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. तूरडाळीशेजारी हरभराडाळ. न बोलता पुन्हा लावून दिले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा!!

हिवरा आश्रम. जानेफळ. तीच यादी, त्याच क्रमानं. केशरीतूनसुद्धा! चार दिवस जागेवर होती आणि नवा ब्राउझर टाकल्याबरोबर गेली. म्हणजे ब्राउझर बदलल्यानं भोक बुजतं की पडतं?

पुन्हा भरली. आता तीस नावं वही न बघता येतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तालुक्याच्या मदत कक्षाला फोन केला. तिकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, काहीतरी पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, जबरदस्तीनं कोणी घुसलेलं दिसत नाही. तुमचाच आयडी, तुमचाच पासवर्ड, पहिल्या झटक्यात लॉगिन. तुम्ही पासवर्ड बदलून टाका."

पहिल्या झटक्यात! मला स्वतःला तीन झटके लागतात.

बदलला. चौदा अक्षरी, आकडे आणि चिन्हं धरून. केशरीनं विचारलं, 'जतन करायचा का?' हो म्हटलं. चौदा अक्षरं कोण लक्षात ठेवणार!

शकूरभाई जिन्यात भेटले. म्हणाले, "मास्तर, चेहरा कायले उतरला?" सांगितलं सगळं. त्यांना ब्राउझर कळत नाही, पण ऐकून घेतलं. म्हणाले, "नुकसान काय केलं त्या चोरानं? पैसा नेला?" नाही. "फोटू-बिटू?" नाही. "मंग फक्त तुम्ही इकडंच राहावं, एवढंच म्हनते काय तो?" आणि हसले.

मला हसू आलं नाही. पण वर येऊन तोच विचार करत बसलो. मी इकडंच राहावं असं कुणाला वाटेल? मुख्याध्यापकांना? त्यांना तर मी नकोच आहे. हजेरीपटातल्या चुका दाखवतो ना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यादी जागेवर. उद्या घरी जाणार नाही. शेवटचा रविवार आहे, इथेच बसून राखण करणार. सुचिताला कळवलं. मला वाटलं हिरमुसेल. "बरं, तब्येत सांभाळा," म्हणाली. लगेच म्हणाली. दम न घेता.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून मोबाईल समोर ठेवून बसलो. चहा, मग भाकर आणि ठेचा, मग पुन्हा चहा. दर दहा मिनिटांनी यादी ताजी करून पाहायची. शिपाईसुद्धा इतकी राखण करत नसेल.

साडेदहाला घरी फोन केला. छकुलीनं उचलला. मागे टीव्ही मोठ्यानं चालू होता, आणि सुचिता हसत होती. खूप दिवसांनी ऐकलं मी तिचं असं हसणं — पोट धरून. "कोण आलंय गं?" विचारलं. "कोणीच नाही पप्पा, आम्ही दोघीच आहोत." आणि मग टीव्हीचा आवाज बारीक झाला.

फोन ठेवल्यावर उगाच कसंतरी झालं. का झालं ते लिहिता येत नाही.

अकरा चाळीसला यादी ताजी केली — दाताळा गेलं! माझ्या डोळ्यांसमोर! पुन्हा दाबलं — नरवेल गेलं. एक एक नाव जात होतं आणि त्याच्या जागी एक एक येत होतं. घाई नव्हती त्यात. कुणीतरी शांतपणे, विचार करून, एकेक शाळा लावत होतं. मी मधे काही केलं नाही. नुसता बघत राहिलो. बारा वाजून दहा मिनिटांनी तीस नावं पुरी झाली.

पुन्हा माझ्या शाळा भरायला हव्या होत्या. भरल्या नाहीत. हात उचलला गेला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

अश्वजितला सगळं सांगितलं. त्यानं बोटं मोजली. "सर, दोनदा तुम्हाले सोमवारी दिसलं, म्हंजे तिन्ही वेळेस रविवारच हाये."

असेल. हॅकरलाही सुट्टी लागते.

"तुमचं हे खातं कोनकोनत्या मोबाईलवर हाये?"

"माझा आणि घरच्या दोघींचे. एकच कुलूप केलंय मी."

तो फळ्याकडे बघत म्हणाला, "एकच खातं असलं का जतन केलेले पासवर्ड तिन्हीकडं जातात सर. आपोआप. नवा टाकला तं तोही जाते. भोक-बिक काही लागत नाही त्याले."

"मग?"

"मंग काही नाही. ब्राउझरची हिस्टरी काढून पाहाल. तिन्ही मोबाईलवर जे-जे उघडलं ते एकाच जागी दिसते, टायमासकट." आणि जाताना दारातून म्हणाला, "तुम्ही एकटेच असान तवा पाहाल सर."

एकटाच का? मी तर इथे एकटाच असतो.

२ डिसेंबर, मंगळवार

पाहिली नाही. केंद्रप्रमुख आले होते, वेळ मिळाला नाही.

वेळ मिळाला होता.

३ डिसेंबर, बुधवार

चौथा ब्राउझर उतरवून घेतला. हा सगळ्यात सुरक्षित म्हणे, काहीच लक्षात ठेवत नाही. उघडला नाही. नुसता चिन्हाकडे बघत बसलो.

छकुलीनं चित्र पाठवलंय. आमच्या ओट्याचं. ओट्यावर सुचिता बसली आहे, पाय पसरून. दार उघडं आहे. छान काढलंय, दाराची चौकट थोडी तिरपी आहे. तसं तिला लिहिलं. मग पुसलं आणि 'छान आहे' एवढंच पाठवलं. ती म्हणाली, 'खरंच??'

मला वाटतं मला कळायला लागलंय. नाही, काही कळत नाही. कुणी सरळ का सांगत नाही माणसाला? की सांगत होतं? अपडेट त्र्याहत्तर टक्क्यांवर होतं तेव्हा.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल हिस्टरी पाहिली. रविवार, अकरा अडतीस. सुचिताचा मोबाईल, बदली पोर्टल. त्याच्या मागेपुढे तिनं शोधलेलं — 'पती-पत्नी एकत्रीकरण नाकारता येते का'. 'मेहकर तालुका तळमजल्याच्या शाळा'. 'नवरा घरी आला की छातीत धडधड का होते'. हा शेवटचा प्रश्न दोन आठवड्यांत चार वेळा आहे.

राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. फार वाईट वाटलं.

आज यादी सबमिट केली. तिनं लावली तशीच. मग दोघींच्याही मोबाईलवरून माझं खातं इथूनच काढून टाकलं.

संध्याकाळी फोन केला. "उद्या येऊ का?" म्हटलं. नऊ वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुम्ही मले विचारून राह्यले?"